एकशे ऐंशी ग्रॅमची चुंबळ

आईची चुंबळ मी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा ती एकशे ऐंशी ग्रॅम भरली. मी आकडा लिहिला. काट्याच्या पलीकडे आई उभी होती. माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, तिच्याही गळ्यात होतं. माझा पट्टा निळा, तिचा हिरवा. काट्याच्या कोणत्या बाजूला कोणी उभं राहायचं हे त्या पट्ट्यांवर ठरत होतं.

"नीट लिव मॅडम," आई म्हणाली. "धा-ईस ग्राम कमी भरलं तर पुन्यांदा आमच्याच नावानं शिमगा."

मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. मी मान वर केली नाही. रांगेत अजून बावीस बायका होत्या आणि प्रत्येकीच्या हातात एक चुंबळ होती. हा सगळा प्रकार माझ्यामुळे चालला होता. वर्ष उलटलं त्याला, पण तो काटा आठवला की अजून माझ्या कानशिलात ठोके पडतात. कारखान्याच्या साहेबांवरचा राग आहेच. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

ज्यांनी डोक्यावर कधी घागर किंवा पाटी घेतली नाही त्यांच्यासाठी सांगते. चुंबळ म्हणजे कापडाचं वेटोळं. डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ठेवायचं, म्हणजे ओझं टाळूत रुतत नाही. आई मंगळवेढ्याकडची. लग्नाआधी तिनं ज्वारीच्या कणसांच्या पाट्या वाहिल्या, पाणी वाहिलं, शेण वाहिलं. लग्न होऊन सोलापुरात आली आणि पुढे काही वर्षांनी टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्यात लागली. डोक्यावरचं ओझं गेलं. चुंबळ मात्र तिनं सोडली नाही, ती बुडाखाली घेतली.

कारण ते स्टूल. लोखंडी चार पाय, वर गोल पत्रा. शिलाई खात्यातली सगळी स्टुलं एका उंचीची, सगळी मशीनटेबलं एका उंचीची. बायका तेवढ्या एका उंचीच्या नाहीत, आणि याची दखल कारखाना बांधणाऱ्याला घ्यावीशी वाटली नाही. आई बुटकी. पाय पायडलपर्यंत पोचायला तिला स्टुलाच्या पुढच्या कडेवर सरकून बसावं लागतं. डावीकडून न शिवलेल्या टॉवेलांचा गठ्ठा ओढायचा, कड दुमडून मशीनखाली घालायची, शिवून उजवीकडे टाकायचा. आठ तास. जाड टॉवेल असला की मान पुढे आणि पाठीचं धनुष्य. पंखे बंद, कारण पंख्यानं कापडाचा रुवा उडतो आणि मालावर बसतो. तोच रुवा बायकांच्या नाकात गेला तर चालतो.

कड कापताना टॉवेलच्या बाजूला ज्या पट्ट्या निघतात, त्या चिंध्यांची आई चुंबळ वळायची. मधल्या सुट्टीत, भाकरी खाऊन झाली की. मधलं भोक नेमकं माकडहाडाखाली येईल अशी. हाडावर भार नाही, भार सगळा कडेच्या मांसावर. पुढे मी कंपनीच्या एका प्रशिक्षणात पडद्यावर एका परदेशी उशीचं चित्र पाहिलं. मध्ये भोक पाडलेली, कंबरदुखीसाठी खास बनवलेली. ती हुबेहूब चुंबळ होती! माझ्या सातवी शिकलेल्या आईनं ती कुणाला न विचारता केली होती, आणि तिची पाहून अख्ख्या खात्यानं. आईच्या शेजारच्या मशीनवरची तेलुगू अक्का तर वेणी घालावी तशी तीन पदरी वळायची. "तुझ्या अम्माची चुंबळ म्हणजे गाय बसली तशी. माझी बघ, राणीची गादी," असं मला लहानपणापासून ऐकवायची.

पंधरा दिवसांत चुंबळ दबून पापडासारखी व्हायची. मग ती घरी यायची, आणि आई नवी वळायची. आमच्या चुलीशी, नंतर गॅसशी, तवा उतरवायला कायम जुन्या चुंबळी असायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी पंधरावी झाले. बी.कॉम. आमच्या दोन्हीकडच्या नातलगांत पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकालाच्या दिवशी आईनं खात्यात पेढे वाटले आणि सुपरवायझरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता आमच्या घरात बी सही करनारं मानूस हाय."

त्याच कारखान्यात मला ऑफिसात नोकरी लागली. कम्प्लायन्स असिस्टंट. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक ज्या ज्या गोष्टींचे दाखले मागतं, ते दाखले आणि रजिस्टरं सांभाळणारी. आमचा कारखाना पर्यावरणपूरक. गेटवर तशी हिरवी पाटी आहे. छतावर सोलर आहे. रंगाईचं पाणी गाळून पुन्हा वापरतात. चिंध्या गोळा करून त्यांचं परत सूत काढायला पाठवतात. यातलं काहीच खोटं नाही, हे मी रागात असूनही सांगते. ज्या शहरात नळाला पाणी आलं की शेजारीपाजारी आरोळ्या ठोकून एकमेकांना उठवतात, त्या शहरात पाणी वाचवणं ही थट्टा नव्हे. मला त्या पाटीचा अभिमान वाटायचा. बसमधून उतरताना मी ती वाचायची.

पहिल्या दिवशी मला टेबल मिळालं आणि खुर्ची मिळाली. फिरती, हातांची, पाठीला जाळी असलेली. जेवणाच्या सुट्टीत आई दारापाशी आली. आत यायला बिचकत होती.

"फिरती व्हय गं ही?"

"बस की."

ती बसली. अर्धी फिरली. पाठ टेकली आणि डोळे मिटले. इतका वेळ की मला दाराकडे बघावं लागलं, कुणी येतंय का म्हणून. मग उठली, पदरानं खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बरंय. एकीला तरी घावली."

तेव्हा मला त्यात फक्त कौतुक ऐकू आलं होतं.

चिंध्यांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. हिशेब सरळ. खात्यात कापड किती किलो गेलं, टॉवेल किती किलो निघाले, उरलेली चिंधी पोत्यात किती भरली. तिन्ही जुळले पाहिजेत. गिऱ्हाइकाला सांगितलेलं असतं की आमच्याकडे चिमूटभरही कापड वाया जात नाही. बाकी खाती जुळायची. शिलाई खातं रोज थोडं कमी भरायचं. आधीच्या माणसानं ते कधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहून सोडून दिलं होतं. मी सोडून देणाऱ्यातली नव्हते. पंधरावी झालेली होते ना!

मी तीन महिन्यांचे आकडे काढले, तक्ता केला आणि मीटिंगमध्ये मांडला. आमचे मोठे साहेब, उत्पादनाचे मॅनेजर, खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, नवीन मुलगी, पण नजर बघा." मी त्या संध्याकाळी उड्या मारत घरी गेले. आई भाकऱ्या करत होती. मी तिला सांगितलं की साहेबांनी माझं नाव घेतलं. तिनं विचारलं, कशावरून? मी म्हटलं, चिंधी कमी भरते ते मी शोधून काढलं. आणि बोलता बोलता गॅसवरचा तवा खाली उतरवला. जुन्या चुंबळीनं.

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. मला तेव्हाही कळलं नाही. आयुष्यभर मला चुंबळ दिसत होती आणि तीन महिने रजिस्टरात कमी पडलेली चिंधी दिसत होती. दोन्ही एकच, हे दिसलं नाही. बाहेरचा कुणी असता तर त्याला माफ होतं. मी त्या चुंबळींवर वाढलेली.

दुसऱ्या दिवशी सुटायच्या वेळेला गेटवर झडती लावली. चोरी सापडली, असा शब्द वापरला गेला. चोरी! सुपरवायझरनं सगळ्या स्टुलांवरच्या चुंबळी जमा करायला लावल्या, आणि चिंधीचं रजिस्टर माझं म्हणून वजन करायला मला बसवलं. तेवीस चुंबळी. अक्काची तीन पदरी चुंबळ काट्यावर ठेवताना ती मला तेलुगूत काहीतरी म्हणाली. आजवर ती माझ्याशी कायम मराठीत बोलत आली होती.

सगळ्या चुंबळी पोत्यात गेल्या, पोतं सुताला गेलं. कागदावर कारखाना चोख झाला.

बायकांनी घरून गोधडीचे तुकडे आणले. ते नाकारले, बाहेरच्या कापडाचा धागा मालात जातो म्हणून. एकीनं स्पंजचा तुकडा आणला, तो जळाऊ वस्तू म्हणून काढून घेतला. मग बायका पत्र्यावर बसू लागल्या. महिन्याभरात आईचा डावा पाय बधिर व्हायला लागला. जेवायला बसली की उठताना भिंत धरायची. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कडक जागेवर एकसारखं बसू नका. आई त्यांना म्हणाली, "मग काय साहेबाच्या मांडीवर बसू?" डॉक्टर हसले, गोळ्या लिहून दिल्या.

रोज कामावरून आली की ती पालथी झोपायची आणि मी तिच्या कमरेला मलम चोळायची. या सगळ्यात तिनं मला एकदाही दोष दिला नाही, फक्त घरातसुद्धा मला मॅडम म्हणू लागली. "मॅडम, जरा खाली. हां, तितं." "मॅडम, चा टाका." आईच्या तोंडून मॅडम ऐकणं म्हणजे काय ते ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच कळेल.

मी साहेबांकडे गेले. सांगितलं की ती चोरी नाही, बसायची सोय आहे, परत द्या.

"अगं, तू हुशार आहेस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक मला चिंधी विचारतं, पाणी विचारतं, वीज विचारतं. बायकांचं बूड विचारत नाही."

"विचारतं की साहेब. फॉर्ममध्ये रकाना आहे."

"मग त्या रकान्यात काय लिहिलंय?"

तो फॉर्म दर महिन्याला मीच भरायची. 'कामगारांना पाठ, मान, कंबर यांच्या दुखण्याची तक्रार आहे का?' प्रत्येकीच्या नावापुढे मी 'नाही' लिहायची. पहिल्या दिवशी मला जुना फॉर्म नमुना म्हणून दिला होता, त्यात सगळीकडे 'नाही' होतं, मी तसंच उतरवलं. महिन्यामागून महिने. त्या यादीत आईचंही नाव होतं. संध्याकाळी मलम चोळायचं आणि सकाळी ऑफिसात जाऊन 'नाही' लिहायचं. ज्या हाताला मलमाचा वास त्याच हातानं.

"तूच लिहिलंस ना?" साहेब म्हणाले. "आणि एक गोष्ट लक्षात ठेव. एका घरात दोन पगार देतोय आम्ही. सगळ्यांना मिळत नाहीत."

दोन खोल्यांचं भाडं, माझ्या धाकट्या बहिणीचं कॉलेज, सगळं त्या दोन पगारांवर होतं. मी बाहेर आले आणि माझ्या फिरत्या खुर्चीवर बसले. पाठीला जाळी छान लागत होती. त्या दिवशी मला त्या जाळीची किळस आली.

पावसाळ्याच्या अखेरीस गिऱ्हाइकाकडून तपासणी आली. चेन्नईकडच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कपाळाला विभूती, पायात साधे बूट. त्या येण्याआधी आठ दिवस बायकांची तालीम झाली. सुपरवायझर ओळीनं विचारायचा, "काही त्रास?" आणि बायकांनी म्हणायचं, "नाही सर." आई तालमीत एकदम पास. "न्हाय सर, लई मजेत हाय सर," असं म्हणून हात जोडायची. बायका तोंडात पदर कोंबायच्या.

बाईंना मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. त्यांच्याबरोबर यायची दुभाषी ऐन वेळी आजारी पडली. नियमानं दुभाषा कंपनीचा चालत नाही, पण दुसरं कुणी नव्हतं, आणि साहेबांनी मला पुढे केलं. त्यांना वाटलं असणार, ही आपलीच आहे. बाई एकेकीला तपासणीच्या खोलीत बोलावून विचारणार होत्या, आणि स्वतः साहेब दाराशी उभे राहिले. बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं तेव्हा दोन पावलं मागे सरले. दार उघडंच.

चौथ्या की पाचव्या नंबरला आई आली. खुर्चीत बसली. तीच माझी खुर्ची, त्या दिवशी तपासणीच्या खोलीत नेलेली. बाईंनी विचारलं, मी मराठीत केलं, "काम करताना कुठं दुखतं का?"

मी तिच्याकडे बघत नव्हते. 'न्हाय सर' ची वाट बघत होते.

"मला काय इचारता?" आई म्हणाली. "हिलाच इचारा की. रोज सांजच्याला माज्या कमरंला मलम हीच चोळती. कुटं दुखतंय, किती दुखतंय, हिला सगळं म्हाईत हाय. लिवनारी बी हीच हाय."

बाई माझ्याकडे बघत होत्या. दाराबाहेर साहेबांनी घसा खाकरला.

माझ्याकडे तेव्हा सोपं एक वाक्य होतं. 'ती म्हणते, त्रास नाही.' खोटं पकडलं जाण्याची काही शक्यता नव्हती. आईला इंग्रजी कळत नाही. दोन पगार राहिले असते.

माझं इंग्रजी काही फर्डं नाही. मराठी शाळेचं इंग्रजी. पण तेवढ्याच इंग्रजीत मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मलमासकट. बाईंनी विचारलं, ही तुमची कोण? मी सांगितलं, आई. मग त्यांनी दुखण्याचा फॉर्म मागितला. मी काढून दिला. त्यांनी 'नाही' ची अख्खी रांग बोटानं वरून खाली पाहिली आणि विचारलं, हे कुणी भरलं? मी म्हणाले, मी. न विचारता भरलं. मग चुंबळींचंही सांगितलं. काट्याचंही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. खोलीत फक्त माझा आवाज, आणि आई खुर्चीत अर्धी अर्धी फिरतेय, पोरीची फिर्याद कळल्यासारखी मान हलवत.

तपासणीच्या अहवालात एक कलम लागलं. बसण्याची व्यवस्था सुधारा, कामगारांच्या तक्रारी त्यांना विचारून नोंदवा, काय केलं त्याचा पुरावा फोटोसह पाठवा, आणि तो माझ्या सहीनं पाठवा, असं बाईंनी मुद्दाम लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी आईची बदली झाली. शिलाईतून चेकिंगला. चेकिंगच्या टेबलाशी दिवसभर उभं राहून टॉवेल उलटेपालटे करायचे. सुपरवायझरनं तिला कारणही सांगितलं, "बसून दुखतंय ना मावशी? मग उभ्यानं करा." असं बोलायला माणसाच्या पोटात काय असावं लागतं मला माहीत नाही. आई म्हणाली, "लई उपकार झालं, बाबा. आता मेल्यावरच आडवी करा."

आणि खुर्च्या आल्या. तेवीस. पुठ्ठ्यातून काढल्या, प्लॅस्टिकसकट मशीनमागे लावल्या. फिरत्या, चाकांच्या, हातांच्या. त्या विकत घेताना शिलाई खात्यातल्या एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. हात टेबलाखाली जाईनात, म्हणून बाई टेबलापासून हातभर लांब. कितीही खाली केली तरी उंची ऑफिसातल्या पुरुषाची, म्हणून बाईचे पाय लटकलेले. आणि अंगठा टेकून पायडल दाबलं की खुर्ची चाकांवरून मागे! पहिल्याच दिवशी अक्का पायडल दाबून सरळ मागच्या मशीनपर्यंत गेली. "अय्यो, रेल्वे निघाली," म्हणाली. सगळं खातं हसून हसून लोळलं. पुढच्या तासाला बायकांनी चाकं बांधून टाकली. कशानं? चिंध्यांनी. आणि संध्याकाळी चिंधी पुन्हा कमी भरली.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर फोटो होते. खुर्च्यांचे, वरून काढलेले, चाकांची बांधणी दिसणार नाही असे. बरोबर कागद, सुधारणा पूर्ण झाली असा.

"सही कर. उद्याची मुदत आहे."

मी म्हणाले, "नाही करत."

त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले. मीही पुन्हा म्हणाले. 

"तुला कळतंय का तू काय करतेयस? मुदत चुकली तर गिऱ्हाईक माल थांबवेल. पाचशे माणसं घरी बसतील. तुझी आई पण."

"साहेब, आई आत्ता उभी आहे. सकाळी साडेआठपासून. तिला घरी बसायला मिळालं तर ती पेढे वाटेल."

मी हे बोलले. मला अजूनही खरं वाटत नाही. मग मी माझं रजिस्टर उघडून त्यांच्या पुढे सारलं. चिंधीच्या पानावर मी एक नवा रकाना आखला होता, शाईनं, पट्टी लावून. वर लिहिलं होतं, 'बसण्यासाठी वापरलेली चिंधी.' मी म्हणाले, चिंधी वाया जात नाही हेच तर सिद्ध करायचंय तुम्हाला. ही वाया जात नाही. ही इथंच वापरात आहे, रोज आठ तास. हा रकाना मान्य करून तुम्ही सही करा. आईला मशीनवर परत आणा. खुर्च्यांची चाकं आणि हात काढून द्या, आणि किती उंच ठेवायचं ते ज्या बसणार आहेत त्यांना विचारा. मग फोटो मी काढते आणि माझ्या सहीनं आजच पाठवते.

"ह्याला शिक्षण म्हणतात का?" साहेब म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. ऑफिसात मी कधी 'व्हय' म्हणत नसे. कॉलेजात पहिल्या वर्षी एका मुलीनं त्यावरून खिजवलं, तेव्हापासून सोडलं होतं. त्या दिवशी ते आपोआप आलं.

त्यांनी सही केली. माझ्यावर उपकार म्हणून नाही, न्याय म्हणूनही नाही. मुदत उद्याची होती, आणि सही माझीच लागणार होती. एरवी त्यांनी मला त्याच दिवशी काढलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. पुढच्या तपासणीनंतर काढतीलही.

दुपारी देखभालीचा फिटर पाना घेऊन आला. "मावशी, बसा, सांगा कुठं थांबवू," असं एकेकीला विचारत त्यानं चाकं आणि हात काढले, दांडे कापून उंची बसवली. एकाच दिवसाचं काम. एका दिवसाचं! अठरा वर्षं माझी आई त्या पत्र्यावर बसली आणि काम एका दिवसाचं होतं, एका फिटरचं, एका पान्याचं. माझ्या रागाचं मूळ हे आहे. अवघड असतं तर मी समजून घेतलं असतं.

आई मशीनवर परत आली. पाय परत आला नाही. बधिरपणा आहे तसाच आहे, डॉक्टर म्हणतात आता तो राहील. मलम रोज चालू आहे. दुखण्याचा फॉर्म मी आता मशीनपाशी जाऊन, एकेकीला विचारून भरते. तेवीसपैकी किती 'नाही' उरले ते इथं लिहीत नाही, पण दुखणी लिहिता लिहिता माझ्या निळ्या पेनाची शाई त्या महिन्यात बरीच संपली.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीनंतर आई माझ्या टेबलापाशी आली. हातात नवी चुंबळ. पांढऱ्या पट्टीत एक निळी पट्टी गुंफलेली, जाडजूड. ती तिनं स्वतःच काट्यावर ठेवली.

"दोनशे दहा," मी वाचलं. "जाड केलीस गं."

"हाडं बी जुनी झाली की. लिव."

मी नव्या रकान्यात लिहिलं. नावासमोर तिनं सही केली, एकेक अक्षर थांबत. मग वळली, आणि पायाला मुंग्या आल्या म्हणून माझ्या टेबलाची कड धरून जरा वेळ उभी राहिली. मी खुर्ची पुढे सारली. तिनं मानेनं नको म्हटलं, पाय दोनदा आपटला, चुंबळ काखेत मारली आणि मशीनकडे गेली.

"येती गं," दारातून म्हणाली. मॅडम म्हणाली नाही.